रक्तातील सोडियम कमी आले तर काय करावे: मूत्रपिंडाचे पाण्याचे गणित आणि घरच्यांसाठी मार्गदर्शन

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि खाली ओसरीवर आई सुपात वर्षाचा गहू निवडत बसली होती. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की ती खडे सुपात ठेवते आहे आणि गहू बाजूला टाकते आहे. तीन दिवसांपासून तिला मळमळत होते, डोके जड वाटत होते आणि चालताना तोल जात होता. एका दवाखान्यात ‘ऊन लागले आहे’ असे सांगून तिला दिवसाला चार लिटर पाणी प्यायला सांगितले होते. रक्त कोणीही तपासले नव्हते. ती सांगितल्याप्रमाणे पाणी पीत होती, आणि जेवण मात्र दोन घास वरणभातावर आले होते. त्या संध्याकाळी रिपोर्ट आला, सोडियम ११६.

मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे मूत्रपिंडाचे कार्य माझ्या रोजच्या बोलण्यातले आहे. तरीही त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या इतर नातेवाइकांशी बोलताना जाणवले की ‘अंगातले मीठ कमी झाले’ या एका वाक्यापलीकडे त्यांना कोणी काही सांगितलेले नाही, आणि त्याच वाक्यामुळे घरोघरी चुकीचे उपाय होतात. म्हणून हा लेख.

आकडा नेमके काय सांगतो

रक्तातील सोडियमचे प्रमाण साधारण १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर असते. काही प्रयोगशाळा मिलिइक्विव्हॅलंट लिहितात. सोडियमच्या बाबतीत दोन्ही आकडे सारखेच. १३० ते १३४ म्हणजे सौम्य घट, १२५ ते १२९ म्हणजे मध्यम आणि १२५ च्या खाली म्हणजे गंभीर घट.

मात्र हा आकडा शरीरात एकूण मीठ किती आहे हे सांगत नाही, तर एक लिटर द्रवात ते किती आहे हे सांगतो. वरणात पाणी जास्त पडले तर ते अळणी लागते, पण त्यातले मीठ कुठे गेलेले नसते. सोडियम कमी येण्याचे बहुतांश प्रसंग असेच असतात: शरीरात मिठाच्या मानाने पाणी जास्त साठलेले असते. हृदयविकाराने किंवा यकृताच्या आजाराने पाय सुजलेल्या माणसाच्या शरीरात तर एकूण सोडियम नेहमीपेक्षा जास्त असूनही रिपोर्टमध्ये ते कमी दिसते, आणि अशा माणसाला मीठ चारले तर सूज वाढते. म्हणून ‘मीठ किती द्यायचे’ हा पहिला प्रश्न नसून ‘मूत्रपिंड जास्तीचे पाणी बाहेर का टाकू शकत नाही’ हा आहे.

मूत्रपिंड पाणी कसे राखते आणि कसे सोडते

प्रत्येक मूत्रपिंडात रक्त गाळणारे सुमारे १० लाख सूक्ष्म घटक, म्हणजे नेफ्रॉन, असतात आणि दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते ती दीड लिटरच्या आसपास. म्हणजे उरलेले सगळे परत रक्तात घेतले जाते. नेफ्रॉनच्या पहिल्याच वळणदार नळीत जवळजवळ दोन तृतीयांश पाणी आणि मीठ बरोबरीने परत जाते. तिथे पातळ-घट्ट असा निर्णय होत नाही.

तो होतो पुढे, हेन्लेच्या पाशापासून. याकोब हेन्ले या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये वर्णन केलेली ही केसाच्या काट्यासारखी नळी खाली उतरताना पाणी बाहेर जाऊ देते, पण वर चढताना तिची भिंत पाण्याला पूर्ण बंद असते आणि ती फक्त मीठ उपसून बाहेर टाकते. यातून दोन गोष्टी एकदम साधतात. नळीतला द्रव पातळ होत जातो आणि आजूबाजूच्या ऊतींमध्ये, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाभ्यात, खारटपणा साठतो. त्यानंतरच्या दूरस्थ नळीत आणखी मीठ काढले जाते आणि द्रव अधिकच पातळ होतो. आता हा पातळ द्रव शेवटच्या संग्राहक नळीतून, त्याच खारट गाभ्यातून खाली जातो. तिच्या भिंतीत पाण्याच्या वाटा उघड्या असतील तर खारटपणाच्या ओढीने पाणी परत शरीरात जाते आणि लघवी घट्ट होते. वाटा बंद असतील तर तो पातळ द्रव जसाच्या तसा बाहेर पडतो.

या वाटा म्हणजे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिने. पेशीच्या पटलातून पाणी नेणारी अशी वाहिनी शोधून काढल्याबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संग्राहक नळीतील वाटा उघडण्याचा हुकूम मेंदूकडून येतो. हायपोथॅलॅमसमधील पेशी रक्ताचा घट्टपणा सतत मोजत असतात, आणि तो एक-दोन टक्क्यांनी वाढला तरी पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन, म्हणजेच एडीएच, हे संप्रेरक सोडले जाते. रक्त पातळ झाले की ते थांबते, वाटा मिटतात आणि तासाभरात स्वच्छ, पाण्यासारखी लघवी होऊ लागते.

इथे एक अपवाद आहे, आणि सोडियमचा निम्मा गोंधळ त्यातून होतो. रक्ताचा घट्टपणा हे व्हॅसोप्रेसिन सुटण्याचे एकमेव कारण नाही. जुलाब, उलट्या किंवा घाम यांमुळे अंगातला द्रव फार घटला, किंवा मळमळ, तीव्र वेदना, शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा किंवा मेंदूचा आजार असला, तर रक्त पातळ असतानाही हे संप्रेरक सुटत राहते. १९५७ मध्ये श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांमध्ये हाच प्रकार वर्णन केला, आणि आज त्याला डॉक्टर एसआयएडीएच म्हणतात. अशा वेळी प्यायलेले प्रत्येक भांडे पाणी अंगातच मुरते.

बादलीचे गणित

मूत्रपिंड नुसते पाणी बाहेर टाकू शकत नाही. त्यासोबत थोडे विरघळलेले पदार्थ जावेच लागतात. लघवी जास्तीत जास्त पातळ केली तरी एका लिटरमध्ये सुमारे ५० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांची संख्या मोजण्याचे एकक) इतका ऐवज असतोच. हा ऐवज येतो जेवणातून, म्हणजे प्रथिनांपासून बनणाऱ्या युरियातून आणि मिठातून. नीट जेवणाऱ्या माणसाचा हा ऐवज दिवसाला ६०० ते ९०० मिलिऑस्मोल असतो. ६०० ला ५० ने भागले की १२ लिटर येतात. म्हणजे निरोगी मूत्रपिंड दिवसाला १२ लिटर पाणीसुद्धा बाहेर काढू शकते.

आता आईचे गणित मांडते. जेवण घटल्यामुळे ऐवज समजा ३००. वयामुळे आणि रक्तदाबाच्या गोळीमुळे लघवी समजा लिटरमागे ३०० च्या खाली पातळ होऊच शकत नव्हती. ३०० भागिले ३०० म्हणजे एक लिटर. पीत होती ती चार लिटर. घाम आणि श्वास यांतून काही पाणी गेले, पण बाकीचे अंगातच राहिले. तिने काहीच अतिरेकी केले नव्हते. चार लिटरचा सल्ला तिच्या मूत्रपिंडाचा विचार न करता दिला गेला होता, एवढेच.

पहिली पायरी: हा प्रसंग तातडीचा आहे का, हे ठरवा

झटका येणे, गुंगी, हाक मारल्यावर ओ न देणे, असंबद्ध बोलणे, पुन्हा पुन्हा उलट्या होणे किंवा श्वास अनियमित होणे यांपैकी काहीही असेल तर आकडा कितीही असो, घरी थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा नागपुरातील मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा अतिदक्षता विभाग असलेल्या जवळच्या रुग्णालयात न्या. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवा आणि तोंडात काहीही घालू नका, मीठ-पाणीसुद्धा नाही. लक्षणे सौम्य असली तरी सोडियम १२५ च्या खाली असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

यामागचे कारण कवटीत आहे. रक्त पातळ झाले की पाणी पेशींमध्ये शिरते आणि त्या फुगतात. हातापायाच्या पेशींना फुगायला जागा असते. मेंदू मात्र हाडाच्या पेटीत आहे. सोडियम काही तासांत घसरले तर मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. हळूहळू घसरले तर मेंदूच्या पेशी सुमारे दोन दिवसांत आपल्यातील काही पदार्थ बाहेर टाकून जुळवून घेतात. त्यामुळे ११८ सोडियम असलेला एखादा माणूस बोलत बसलेला दिसतो, तर दुसऱ्याला १२४ वरच झटका येतो. सौम्य घटसुद्धा निरुपद्रवी नसते. म्हाताऱ्या माणसांचे वारंवार पडणे आणि हाड मोडणे यांच्यामागे ती असू शकते.

दुसरी पायरी: आकडा खरा आहे ना, ते पाहा

ज्या हाताला सलाईन चालू होती त्याच हातातून रक्त घेतले असेल तर रिपोर्ट फसवा येतो. रक्तातील साखर फार वाढली असेल तर ती पेशींमधले पाणी रक्तात ओढते आणि सोडियम कमी दिसते: १०० च्या वर प्रत्येक १०० मिलिग्रॅम साखरेमागे सुमारे १.६ मिलिमोल. साखर ५०० आणि सोडियम १२८ असेल तर दुरुस्त आकडा १३४ च्या जवळ जातो आणि उपचार मुख्यतः साखरेवर करावे लागतात. चरबी फार वाढलेल्या रक्तातही काही यंत्रे आकडा खोटा कमी दाखवतात. जुने रिपोर्ट शोधून तारखेनुसार लावा. सहा महिन्यांपूर्वी १३२ असलेला माणूस आणि परवा १४० असलेला माणूस यांच्या उपचारांत मोठा फरक पडतो.

तिसरी पायरी: गोळ्यांची पिशवी उलटी करा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, असे मी अनुभवाने म्हणते. घरातील सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक आणि स्वतःहून घेतलेलीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि पाकिटावरील बारीक अक्षरांतील घटक वाचा. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही नावे आधी शोधा. रक्तदाबाच्या जोडगोळ्यांमध्ये ही औषधे पुष्कळदा असतात आणि तेव्हा गोळीच्या नावाच्या शेवटी अनेकदा ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरे जोडलेली असतात. आईची गोळी नेमकी अशीच होती, आणि आम्ही घरी तिला नुसते ‘बीपीची गोळी’ म्हणत होतो.

ही थायाझाइड गटाची औषधे दूरस्थ नळीतील मीठ काढण्याचे काम अडवतात, म्हणजे लघवी पातळ करण्याची शेवटची पायरीच बंद करतात. गाभ्याचा खारटपणा मात्र शाबूत राहतो, त्यामुळे व्हॅसोप्रेसिन असेल तर पाणी परत घेण्याचे काम पूर्ण जोमाने चालते. फ्युरोसेमाइडसारखी औषधे हेन्लेच्या पाशावर काम करून तो खारटपणाही कमी करतात, म्हणून त्यांच्याने सोडियम एवढे सहज घसरत नाही. दोन्ही ‘लघवीच्या गोळ्या’च, पण सोडियमच्या दृष्टीने त्या अगदी वेगळ्या. थायाझाइडचा हा त्रास वृद्ध, सडपातळ स्त्रियांमध्ये विशेष दिसतो आणि गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सोडियम तपासणे म्हणूनच गरजेचे असते.

त्याखेरीज सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम यांसारखी नैराश्यावरील औषधे आणि फिट्सवरील कार्बामॅझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन ही पाहावीत. यांपैकी कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फिट्सची तर मुळीच नाही. पण त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

चौथी पायरी: सलाईन लागण्याआधी लघवीचा नमुना

रुग्ण बेशुद्ध नसेल आणि वेळ असेल तर सलाईन सुरू होण्यापूर्वी लघवीचा नमुना बाजूला ठेवायची विनंती नर्सताईंना नम्रपणे करा. लघवीची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे तिचा घट्टपणा) आणि लघवीतील सोडियम या दोन तपासण्यांवर पुढचे निदान उभे असते आणि सलाईन गेल्यावर त्यांचा अर्थ लावणे कठीण होते. ऑस्मोलॅलिटी १०० च्या खाली असेल तर मूत्रपिंड आपले काम चोख करते आहे. पाणीच फार प्यायले गेले किंवा जेवण फार कमी झाले. ती १०० च्या वर असेल तर व्हॅसोप्रेसिन चालू आहे असे समजायचे. मग लघवीतील सोडियम पाहायचे: ते ३० च्या खाली असल्यास शरीराला द्रव कमी पडतो आहे असे मूत्रपिंडाला वाटते आहे, मग ते जुलाबांमुळे असो वा हृदय अशक्त झाल्यामुळे, ३० च्या वर असल्यास एसआयएडीएच, अ‍ॅड्रिनल ग्रंथीची कमतरता किंवा लघवीच्या गोळ्या यांचा विचार होतो. सोबत क्रिएटिनिन, पोटॅशियम, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल.

पाय सुजले आहेत का, जीभ कोरडी आहे का, उभे राहिल्यावर भोवळ येते का, गेल्या आठवड्यात वजन वाढले की घटले, हे घरच्यांना जितके नेमके सांगता येते तितके कोणत्याही तपासणीतून कळत नाही. ते कागदावर लिहून न्या.

पाचवी पायरी: उपचारांचा वेग समजून घ्या

रुग्णालयात नातेवाईक विचारतात, ‘आकडा अजून वाढला का नाही?’ हा प्रश्न उलटा विचारायला हवा: फार लवकर तर वाढला नाही ना? मेंदूने कमी सोडियमशी जुळवून घेतलेले असताना ते भराभर वाढवले तर मेंदूतील चेतातंतूंचे आवरण खराब होऊ शकते. त्याची लक्षणे काही दिवसांनी दिसतात: बोलणे अडखळणे, गिळता न येणे, हातपाय लुळे पडणे. म्हणून जुन्या घटीत २४ तासांत साधारण ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त वाढ होऊ देत नाहीत, आणि फार कुपोषित, मद्यपी किंवा पोटॅशियम कमी असलेल्यांमध्ये ८ च्याच आत ठेवतात. झटके येत असतील तर मात्र ३ टक्के मिठाचे सलाईन १०० ते १५० मिलिलिटर झटपट देऊन आकडा चार-सहाने वर आणतात. तेवढ्याने मेंदूची सूज उतरते.

साधे ०.९ टक्के सलाईन प्रत्येकाला उपयोगी पडतेच असे नाही. त्याच्या एका लिटरमध्ये ३०८ मिलिऑस्मोल ऐवज असतो. एसआयएडीएचमध्ये लघवी ६०० इतकी घट्ट होत असेल तर मूत्रपिंड ते सगळे मीठ जेमतेम अर्ध्या लिटर लघवीत बाहेर टाकते आणि उरलेले अर्धा लिटर पाणी ठेवून घेते. सलाईन लावूनही सोडियम आणखी घसरले तर त्यामागे बहुधा हेच असते.

आईच्या वेळी दुसऱ्या पहाटे वेगळेच घडले. गोळी बंद होती, मळमळ थांबली होती, आणि लघवीच्या पिशवीत एका तासात जवळपास ३०० मिलिलिटर स्वच्छ पाण्यासारखी लघवी जमली. मला क्षणभर बरे वाटले, पण ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी लगेच रक्त पाठवले. व्हॅसोप्रेसिन थांबले होते, वाटा मिटल्या होत्या आणि सोडियम झपाट्याने वर चालले होते. त्यांनी शिरेतून डेक्स्ट्रोजचे (साखरेचे) पाणी आणि डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनसारखे काम करणारे औषध, देऊन तो वेग आवरला. तासाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, फिकट लघवी होऊ लागली तर नर्सताईंना सांगा. रुग्णाजवळ बसलेल्या माणसाच्या हे सर्वांत आधी लक्षात येते.

घरी आल्यावर आणि आपल्या उन्हाळ्यात

डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, समजा दिवसाला एक लिटर, तर त्यात चहा, ताक, पातळ वरण, टरबूज आणि औषधासोबतचे घोट हे सगळे धरायचे असते. सकाळी एका बाटलीत दिवसाचे पाणी भरा, आणि जेवढा चहा दिला तेवढे पाणी बाटलीतून काढून टाका. वही ठेवण्यापेक्षा हे सोपे जाते. मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पाणी कमी करू नका. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि तेव्हा पाणी तोडणे हा वेगळाच धोका आहे.

घामातून मीठ जाते म्हणून सोडियम घसरते, असे सरसकट सांगितले जाते. घाम रक्तापेक्षा पातळ असतो. नुसत्या घामाने रक्त उलट घट्ट होते. अडचण पुढे येते: अंगातला द्रव घटल्यामुळे व्हॅसोप्रेसिन सुटलेले असते आणि त्यावर माणूस तासन् तास नुसते पाणी पीत राहतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी निघाले आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले त्यांना धोका जास्त होता. फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर पहाटे धावणाऱ्यांनी तहान लागेल तसे प्यावे, आणि धावून आल्यावर वजन वाढलेले दिसले तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

जुलाब-उलट्यांत ओआरएस द्या, पण पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालूनच. पेल्यात चिमूटभर टाकून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरमध्ये ७५ मिलिमोल सोडियम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज असते, कारण आतड्यात ग्लुकोजच्या जोडीने सोडियम आणि त्यामागून पाणी शोषले जाते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाची भूक गेली असेल तर पाण्याचा आग्रह करण्याआधी खाण्याचा आग्रह करा: मीठ घातलेली ज्वारीची आंबील, घट्ट वरण, अंडे, दही. वर मांडलेले गणित आठवा, ऐवज पोटात गेला तरच पाणी बाहेर पडेल. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांनी आणि टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये.

घरी आल्यावर पहिली तपासणी साधारण आठवड्याच्या आत, मग आकडा स्थिर होईपर्यंत डॉक्टर सांगतील तशी करा. थायाझाइडमुळे सोडियम एकदा घसरले की ती गोळी पुन्हा सुरू केल्यावर ते पुन्हा घसरण्याची शक्यता मोठी असते, आणि दुसऱ्या शहरातल्या नव्या डॉक्टरांना हे माहीत असायचे काही कारण नाही. आईच्या बटव्यात आता आधारकार्डाच्या मागे एक जाड कागद असतो. त्यावर मोठ्या अक्षरांत गोळीतील घटकाचे नाव, ‘सोडियम ११६’, तारीख आणि ‘हे औषध पुन्हा देऊ नये’ असे लिहिले आहे.